विसरायला लावणारी शाळा, आठवायला लावणारा दाखला

यवतमाळ जिल्ह्यात वस्तीला कोणता शब्द लावला जातो यावरून तिथे कोण राहते हे कळते. कोलामांची वस्ती म्हणजे पोड, बंजाऱ्यांची वस्ती म्हणजे तांडा आणि फासेपारध्यांची वस्ती म्हणजे बेडा. उरलेल्या वस्तीला, म्हणजे जिथे ग्रामपंचायतीची इमारत, मोठे देऊळ, किराणा दुकान आणि बसथांबा असतो तिला, नुसते गाव म्हणतात. पोड, तांडा आणि बेडा हे शब्द मुळात हिणवण्यासाठी घडलेले नाहीत. पोडाच्या मधोमध असणारी चावडी आणि तिथला नाईक, तांड्याचा नायक आणि कारभारी या संस्था त्या त्या समाजाने स्वतः उभ्या केल्या आहेत आणि त्यांचे मोल त्या समाजाला ठाऊक आहे. परंतु गावाला निराळे नाव लागत नाही आणि या तिन्हींना लागते, एवढ्यावरूनच या मुलुखात वाढणाऱ्या मुलाला पहिला धडा मिळतो की काही माणसे गावात राहतात आणि काही गावाजवळ राहतात.

बाभुळगाव हे यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण. बेंबळा नदी, तिच्यावरचे मोठे धरण, काळी जमीन आणि कापूस, तूर, सोयाबीन ही या तालुक्याची ओळख. त्याची हद्द अमरावती जिल्ह्याला लागते, आणि त्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे फासेपारध्यांचे बेडे विखुरलेले आहेत; दक्षिणेकडे घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागात कोलामांचे पोड दाट होत जातात, तर दारव्हा, दिग्रस आणि पुसदकडे बंजारा तांड्यांचा पट्टा सुरू होतो. गोंड, परधान, आंध अशा इतर जमातीही जिल्हाभर आहेत. तालुक्याच्या बसस्थानकावर सकाळी दप्तरे घेऊन उभी असलेली मुले या सगळ्या वस्त्यांतून येतात आणि त्यांचा गणवेश सारखाच असतो. गणवेशाखाली मात्र प्रत्येकाला ‘तू कोण’ या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे द्यावे लागते, आणि ही उत्तरे अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. शाळा, गाव आणि बाजार या मुलांना आपली ओळख पुसायला लावतात, तर जातपडताळणीचे कार्यालय तीच ओळख पुराव्यासकट दाखवायला सांगते. या दोन मागण्यांच्या मध्ये तरुणपण अडकते, आणि या कोंडीची दखल जितकी घ्यायला हवी तितकी घेतली गेलेली नाही.

‘अल्पसंख्य’ हा शब्द आपल्या कायद्यात मुख्यतः धर्म आणि भाषा यांच्या संदर्भात येतो. समाजशास्त्रात त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे: ज्या गटाचा रीतिरिवाज, भाषा किंवा नाव हा सर्वसाधारण नियम मानला जात नाही, ज्याला सतत स्वतःचा खुलासा करावा लागतो आणि ज्याच्याविषयीचे निर्णय बहुधा इतर लोक घेतात, तो गट अल्पसंख्य. कोलाम दोन्ही अर्थांनी अल्पसंख्य आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती, आणि शेजारच्या तेलंगणाकडील कोलाम धरूनही संपूर्ण देशात कोलामी बोलणारे सव्वा लाखाहून थोडेच अधिक भरले. म्हणजे जमातीतल्या बऱ्याच मोठ्या भागाच्या तोंडून भाषा निघून गेलेली आहे. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही महाराष्ट्रातली ‘विशेष असुरक्षित’ म्हणून नोंदलेली तिसरी जमात आहे.

ओळख या शब्दाला मराठीत दोन अंगे आहेत. माणूस स्वतःला ओळखतो आणि इतर त्याला ओळखतात. पहिली ओळख आतून येते, दुसरी बाहेरून लावली जाते. बंजारा स्वतःला ‘गोर’ म्हणतात आणि बाहेरच्यांना ‘कोर’. कोलाम स्वतःला ‘कोलावर’ म्हणवतात, गोंड ‘कोइतूर’. पारध्यांच्या बाबतीत बाहेरचे नावच इतके घट्ट बसले की ते व्यवसायाचे, जमातीचे आणि संशयाचे असे तिहेरी नाव झाले: पारध करणारा तो पारधी, आणि तितर-लावे धरण्यासाठी फास लावणारा तो फासेपारधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा ठरली. त्या कायद्याची गरज निर्विवाद होती, पण ज्या समाजाचे नावच शिकारीवरून पडले होते त्याला शिकारीच्या जागी काय मिळणार याची तरतूद त्यात नव्हती, आणि नाव मात्र कायम राहिले.

तारुण्य हा या दोन ओळखींचा मेळ घालण्याचा काळ. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हा विचार मांडला. त्यांच्या मते किशोरवयात माणूस निरनिराळ्या भूमिका करून पाहतो, चुकतो, बदलतो, आणि समाज त्याला ही मुभा देतो. या मुभेच्या काळासाठी त्यांनी कर्जफेडीच्या स्थगितीचे रूपक वापरले. स्वतः एरिक्सन सावत्र वडिलांच्या आडनावाने वाढले होते आणि अमेरिकेत स्थायिक झाल्यावर त्यांनी आपले आडनाव स्वतः घडवले, हे लक्षात घेतले की हा विषय त्यांना इतका जवळचा का वाटला असेल याचा अंदाज येतो. बेड्यावरच्या मुलाला ही स्थगिती फारशी मिळत नाही. गावातल्या मुलाने पेरू चोरला तर तो खोडकर ठरतो, त्याच वयाच्या पारधी मुलाने तेच केले तर त्याच्या कृत्याला जमातीचा इतिहास चिकटवला जातो. ज्याला चुकण्याची मुभा नाही त्याला भूमिका करून पाहण्याचीही मुभा नसते.

हा इतिहास कायद्याने घडवलेला आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढवण्यात आली आणि १९२४ मध्ये तो नव्याने एकत्रित केला गेला. या कायद्याने व्यक्तीऐवजी संपूर्ण जमातीला गुन्हेगार घोषित करता येत असे. एकदा घोषणा झाली की नोंद झालेल्या माणसाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, आणि ही घोषणा चुकीची आहे असे न्यायालयात म्हणण्याची सोय ठेवलेली नव्हती. जन्म हाच पुरावा आणि जन्म हीच शिक्षा, असे त्याचे स्वरूप होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या सव्वाशेहून अधिक जमाती या कायद्याखाली होत्या. मुंबई प्रांताने तो १९४९ मध्ये रद्द केला. पण बाभुळगाव त्या वेळी मुंबई प्रांतात नव्हते. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांकडे आलेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेले वऱ्हाड स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात गेले होते. देशपातळीवर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला आणि म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. कागदावर हे कायदे व्यक्तीला उद्देशून होते, व्यवहारात संशयाची दिशा जुनीच राहिली. वंशभेद निर्मूलनासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये भारताला असे कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती. कायद्याखालच्या घोषणेची हद्द प्रांतापुरती होती, शिक्क्याला हद्द नव्हती. जिथे पारध्यांची नोंद झाली तिथून तो शिक्का जिथे झाली नाही तिथेही पोहोचला.

नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये एक विचार मांडला, जो इथे फार उपयोगी पडतो. एखादा समाज वेगळा ठरतो तो त्याच्या वेशभूषेमुळे, खाण्यामुळे किंवा देवांमुळे, असे आपण समजतो. बार्थ म्हणतात की या सगळ्या गोष्टी काळाबरोबर बदलतात, टिकते ती ‘आपण’ आणि ‘ते’ यांमधली सीमा, आणि ती सीमा दोन्ही बाजूंची माणसे रोजच्या व्यवहारातून जिवंत ठेवतात. कुंपणाच्या आतले पीक दरवर्षी बदलले तरी कुंपण तेच राहते, तसे. पारधी तरुण जीन्स घालतो, गावातल्या मुलांसारखीच वऱ्हाडी बोलतो, त्याच्याकडे तोच मोबाइल असतो. आत काय आहे ते जवळजवळ एकसारखे झाले आहे. त्याचे आडनावसुद्धा वेगळे नाही. भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे ही आडनावे फासेपारध्यांत सर्रास आहेत आणि मराठा समाजातही आहेत; त्यामुळे नुसत्या नावावरून त्याला कोणी वेगळे काढू शकत नाही. ‘कोणत्या गावचे?’ या पुढच्या प्रश्नाला तो बेड्याचे नाव सांगतो तेव्हा ती सीमा उभी राहते. काही तरुण या प्रश्नावर जवळच्या मोठ्या गावाचे नाव सांगून मोकळे होतात. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाविषयीच्या आपल्या पुस्तकात अशा वागण्याचे विश्लेषण केले आहे: ज्याचा कलंक डोळ्यांना दिसत नाही त्याच्यापुढे अवघडलेपणाचा प्रश्न नसतो, माहिती सांभाळण्याचा असतो, कोणाला सांगायचे, कोणाला नाही, कधी सांगायचे, हा हिशेब त्याच्या मनात सतत चालू राहतो. पुण्यात किंवा नागपुरात वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा अभ्यासाचा किती वेळ आणि किती शक्ती या हिशेबात जाते, याचे मोजमाप कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही.

ती शक्ती जाते, हे मात्र प्रयोगाने दाखवता आलेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह, म्हणजे आत शिरून बाहेरची वाट शोधायची कोडी, सोडवायला दिली. ३२१ मुले वरच्या मानलेल्या जातींची आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींची होती, आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळणार होते. कोणाची जात कोणती हे उच्चारले गेले नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक पडला नाही. पण कोडी देण्यापूर्वी सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली गेली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी ठळकपणे, सुमारे पाचव्या हिश्शाने, घसरली. मुले तीच, बुद्धी तीच; वर्गात जात उच्चारली गेली एवढाच फरक. दर वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना वर्गात उभे करून ‘एसटीवाले कोण, हात वर करा’ असे विचारणे किती शिक्षकांना निरुपद्रवी वाटते, आणि ते किती निरुपद्रवी नाही, हे या प्रयोगावरून समजावे.

शाळेत विसरण्याची सुरुवात भाषेपासून होते. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. पोडावरचे मूल पहिलीत येते तेव्हा त्याला एकाच वेळी अक्षरे आणि एक परकी भाषा शिकावी लागते, आणि ती परकी भाषासुद्धा त्याच्या कानावर पडणारी वऱ्हाडी नसते, पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी असते. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी वळणाची आहे, पारध्यांची बोली गुजराती-भिल्ली वळणाची. या भाषांची दखल कोणी घेतलीच नाही असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागातल्या कोलामीचा अभ्यास करून १९५५ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि जगभरच्या द्रविड भाषांच्या अभ्यासकांनी ते वापरले. कॅलिफोर्निया विद्यापीठाला जी भाषा अभ्यासण्याजोगी वाटली ती तिच्या स्वतःच्या मुलुखातल्या शाळेत अडचण समजली गेली, ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तितके मातृभाषेतूनच शिकवावे असे म्हटले आहे. पण ‘शक्य तितके’ या शब्दांत पोड बसत नाही, कारण शिक्षकाला कोलामी येत नाही आणि कोलामी येणारा शिक्षक होण्याइतकी कोलाम मुले अजून पुढे पोहोचलेली नाहीत.

मूल हुशार असेल तर एका-दोन वर्षांत मराठी शिकते आणि त्याच वेळी घरच्या भाषेची लाज बाळगायलाही शिकते. ही लाज कोणी मुद्दाम शिकवत नाही. वर्गात त्याच्या उच्चारावर हशा पिकतो, आईने शाळेत येऊन तिच्या बोलीत हाक मारली की ते मान खाली घालते, पुढे घरी लहान भावंडांशी ते मराठीतच बोलू लागते. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अधिक वेगाने घडते, कारण वर्षातले आठ-दहा महिने ती आजी-आजोबांपासून, सणांपासून आणि जंगलापासून दूर असतात. आश्रमशाळांनी हजारो मुलांना साक्षर केले, अन्न दिले, नोकरीपर्यंत नेले, हे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्यांची किंमत त्या मुलांनी स्मृतीने चुकती केली, हेही तितकेच खरे आहे.

बाभुळगाव तालुक्याच्या सीमेपलीकडे, अमरावती जिल्ह्याच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथली शाळा या बाबतीत थोडी निराळी आहे. मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी २०१२ मध्ये बेड्यांवरची, रेल्वेस्थानकांवर आणि चौकांत भीक मागणारी मुले गोळा करून ही निवासी शाळा सुरू केली. पारध्यांपुढे इतके प्रश्न उभे आहेत की तेच नाव द्यावे, म्हणून शाळेचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. चारशेहून अधिक मुले तिथे राहून शिकू लागली. जिथे शिक्षकच पारधी आहे आणि शेजारच्या बाकावरचे मूलही पारधी आहे, तिथे माहिती सांभाळण्याचा तो हिशेब थांबतो आणि मूल फक्त मूल होऊ शकते. या शाळेचे खरे महत्त्व इथे आहे. पुढे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या आखणीत याच शाळेची जागा आली आणि २०१९ मध्ये तिचे ग्रंथालय व काही वर्गखोल्या पाडल्या गेल्या. लोकवर्गणीतून आणि कष्टांतून उभ्या राहिलेल्या भिंतींवरून आज राज्यातला सर्वांत वेगवान रस्ता जातो, आणि त्या रस्त्याने गाव आणि बेडा यांमधले अंतर कमी झालेले नाही.

अशा शाळेतून किंवा साध्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल बारावीपर्यंत पोहोचले की त्याच्यापुढे दुसरी मागणी उभी राहते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, अध्यापक पदविका, कुठेही राखीव जागेवर प्रवेश हवा तर जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र मिळावे लागते. घराघरांत याला नुसते ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात आणि मे-जून महिन्यांत ‘व्हॅलिडिटी निघाली का?’ हा प्रश्न निकालाइतक्याच काळजीने विचारला जातो. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार तपासणी समित्या आल्या, आणि राज्याने केलेला याविषयीचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. या कठोरपणाला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल: नावातल्या साधर्म्याचा फायदा घेऊन इतर समाजांतल्या लोकांनी आदिवासींच्या जागा बळकावल्याची प्रकरणे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे गाजत आली आहेत, आणि अशा प्रत्येक जागेमागे कोणत्या तरी पोडावरच्या, पाड्यावरच्या मुलाचे नुकसान झालेले आहे. चाळण हवीच होती. पण ही चाळण अशी बनली की तिच्यातून कागद असलेला सहज निघतो आणि कागद नसलेला अडकतो.

अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. तेव्हा किंवा त्याआधी आपले पूर्वज कुठे राहत होते आणि त्यांची जात काय नोंदलेली होती हे दाखवावे लागते. विदर्भात यासाठी शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातली आजोबा-पणजोबांची नोंद, जन्म-मृत्यूची कोतवालाच्या वहीतली नोंद, जुने महसुली उतारे असे कागद शोधले जातात. आता ज्या समाजाला १९५० पूर्वी शाळा नव्हती, जमीन नव्हती आणि ज्याचा जन्म पालात व्हायचा, त्याच्याकडे यांपैकी कोणता कागद असणार? पाल म्हणजे काठ्यांवर ताणलेले कापडाचे किंवा गोणपाटाचे घर, आज इथे तर महिन्याने आणखी कुठे. आजही बरेच बेडे ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर वसलेले असल्याने ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घर लागत नाही, घर लागले नाही की घरपट्टीची पावती नाही, आणि पावती नाही म्हणजे रहिवासाचा पहिलाच पुरावा नाही. तहसीलच्या चकरा इथून सुरू होतात.

यात भूगोलाचीही एक गाठ आहे. विदर्भ मध्य प्रदेशात असताना ठरलेल्या यादीनुसार पारधी, कोलाम, हळबा आदी जमाती काही ठरावीक तालुक्यांतच अनुसूचित मानल्या जात. त्यांत अमरावती जिल्ह्यातला फक्त मेळघाट होता, आणि यवतमाळ जिल्ह्यातले यवतमाळ, वणी आणि केळापूर हे जुने तालुके होते. बाभुळगाव त्या वेळी यवतमाळ तालुक्यात असल्याने इथला फासेपारधी आदिवासी होता आणि हद्द ओलांडून चांदूरकडे बेडा टाकलेला त्याचा सख्खा भाऊ नव्हता. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठले. परंतु मधल्या काळात हद्दीपलीकडे शाळेत गेलेल्या एखाद्याच्या नोंदीत जातीच्या रकान्यात काय लिहिले गेले असेल, यावर आज त्याच्या नातवाचा प्रवेश अवलंबून असू शकतो. बंजाऱ्यांच्या बाबतीत ही गाठ राज्यांच्या सीमेवर बसली आहे: महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत येतात, पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेले की अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. पुसद तालुक्यातल्या गहुली गावच्या वसंतराव नाईकांनी १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषवले, तरी तांड्यावरच्या तरुणाचा ‘आपण नेमके कोण?’ हा प्रश्न सुटलेला नाही.

कागद कमी पडले की आप्तभाव चाचणी होते. ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ या नावाने ती अधिक ओळखली जाते. अर्जदाराचे किंवा त्याच्या वडिलांचे आपल्या जमातीशी किती जवळचे सांस्कृतिक नाते आहे, हे दक्षता पथक प्रश्न विचारून तपासते: तुमची बोली कोणती, देवक कोणते, लग्नात कोणते विधी होतात, मयताला काय करतात, कुलदैवत कोण, कोणत्या आडनावांत सोयरीक चालत नाही. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत त्या जमातीविषयी जे लिहिलेले आहे त्याच्याशी उत्तरे ताडून पाहिली जातात. कोंडी पूर्ण होते ती इथे. ज्या मुलाने पहिलीपासून बारा वर्षे बोली विसरण्याचा अभ्यास केला, ज्याचा हुशारपणा गावाने तो ‘आपल्यासारखा’ झाला म्हणून वाखाणला, त्याला आता विचारले जाते की तू ‘त्यांच्यासारखा’ आहेस याचा पुरावा दे. शिवाय ज्या पुस्तकांशी त्याची उत्तरे जुळायला हवीत त्यांतली बरीच वर्णने इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केलेली आहेत, म्हणजे जमातीने बदलू नये आणि बदललीच तर तिने जमात असण्याचा हक्क सोडावा, असे काहीसे गृहीतक त्यामागे उभे राहते. गावातल्या माणसाला पणजोबांच्या लग्नातले विधी आठवत नाहीत म्हणून कोणी त्याची जात काढून घेत नाही.

न्यायालयाला ही विसंगती दिसली, याचे समाधान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद यांच्या प्रकरणात म्हटले की स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी आलेला संपर्क यांमुळे जमातींचे पारंपरिक विशेष बदलतात, म्हणून ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच अधिक स्पष्टपणे सांगितले. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल तर तिचेही वजन धरले जाते. त्यामुळे एखाद्या बेड्यावर सर्वांत आधी बारावी होणाऱ्या मुलाला किंवा मुलीला केवळ आपल्या एकट्याच्या प्रवेशासाठीच झगडावे लागत नाही, मागून येणाऱ्या भावंडांची, चुलत भावंडांची वाटही त्याच अर्जातून काढावी लागते. मुलीच्या बाबतीत यात आणखी एक पेच असतो. तिची जात वडिलांच्या कागदांवरून ठरते, लग्न लवकर झालेले असते, आणि शिकण्याची संधी सासरी गेल्यावर मिळाली तर कागदांसाठी तिला माहेरच्या बेड्यावर परतावे लागते, जो तोवर जागेवर असेलच असे नाही.

बाहेरच्या भिंतींविषयी बोलताना आतल्या भिंती झाकून ठेवणे प्रामाणिक ठरणार नाही. विमुक्त समाजांत जातपंचायतींची सत्ता दीर्घकाळ राहिली. पोलीस आणि गाव दोन्ही विरोधात असताना या पंचायतींनीच समाजाला एकत्र धरले, तंटे मिटवले, विधवेला आणि अनाथाला आधार दिला; त्याच पंचायतींनी आंतरजातीय विवाह करणाऱ्यांना वाळीत टाकले आणि स्त्रियांच्या चारित्र्याच्या नावाखाली क्रूर दिव्ये करायला लावली. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू झालेला, आणि असा कायदा करणारे हे देशातले अग्रेसर राज्य. शिकलेली पारधी मुलगी स्वतःच्या पसंतीने लग्न करू पाहते तेव्हा तिला गावही आपले म्हणत नाही आणि बेडाही. दोन्हीकडून परकेपण काय असते हे तिच्याइतके कोणी जाणत नाही. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या आत्मकथनाचे नाव ‘उपरा’ आहे, आणि मराठीत या अवस्थेसाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

या सगळ्यात एक साधा कागद आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, पोटजात आणि जन्मस्थळ यांबरोबर मातृभाषेचाही रकाना असतो, आणि त्यात काय लिहायचे ते मूल पहिलीत दाखल होते त्या दिवशी शाळेच्या रजिस्टरात ठरते. समोर पालक असतो तो निरक्षर, शिक्षक घाईत असतो, आणि मातृभाषा विचारण्याजोगी गोष्ट आहे असेच बहुधा कोणाला वाटत नाही. सवयीने तिथे ‘मराठी’ पडते. जातीच्या रकान्यात ‘फासेपारधी’ऐवजी नुसते ‘पारधी’ किंवा आडनावावरून भलतेच काही पडू शकते. ज्या घरात त्याआधी कोणाचेही नाव कोणत्याही रजिस्टरात नव्हते, त्या घराचा हा पहिला लेखी पुरावा असतो. यवतमाळकडच्या किंवा धामणगावकडच्या एखाद्या शाळेत येत्या जूनमध्ये बेड्यावरचे मूल पहिलीत दाखल होईल तेव्हा शिक्षकाने क्षणभर थांबून ‘घरी काय बोलता?’ असे विचारले आणि उत्तर येईल तेच त्या रकान्यात लिहिले, तर पन्नास वर्षांनी त्या मुलाच्या नातवाला कोणत्याही दक्षता पथकापुढे ठेवायला ती एक ओळ असेल.